उत्तरेच्या पडवीतलं ऊन

कलबुरगी,
९ डिसेंबर २०२४

आत्याबाई,

पाया पडते. म्हणजे पलंगावर पडल्या पडल्याच, कारण वाकायला बंदी आहे. बसायलासुद्धा जेवणापुरतीच परवानगी.

मागच्या मंगळवारी तुम्ही आणि ह्यांनी, दोघा मायलेकांनी, मला घाईघाईनं गाडीत घालून इथं आणलंत, त्याला सहा दिवस झाले. रक्त जायचं थांबलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके चांगले आहेत, पण मागच्या दोन वेळचं बघता आता बाळंतपण होईपर्यंत दवाखान्याजवळच राहायचं आणि होईल तेवढं पडून राहायचं. पुढच्या महिन्यात गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालणार आहेत. म्हणजे जुलैपर्यंत माझा मुक्काम शिवगंगामावशीकडेच. मावशी म्हणते, "जन्मल्यापासनं मीच सांभाळली की तुला, आनिक सात महिने काय जड न्हाईत मला."

फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही. मग मामा मध्ये बसून तुमच्या कानात ओरडणार आणि अर्ध्या गल्लीला माझी तब्येत कळणार. म्हणून हे पत्र. हे डाळ मिलची पिकअप घेऊन दर आठवड्याला इथं येतातच. त्यांच्याच खिशातून आपलं टपाल चालू ठेवू.

एक काम सांगायचं राहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत तारेला माझं हवेचं झाड टांगलेलं आहे. दुसऱ्या वेळचं सगळं होऊन मी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा ह्यांनी हैदराबादच्या नर्सरीतून आणलेलं. त्याला माती नको, कुंडी नको. आठवड्यातून एकदा वाटीभर पाण्यात बुडवायचं आणि उलटं धरून झटकायचं. गाभ्यात पाणी साचलं तर कुजतं. बाकी त्याचं सगळं उजेडावर चालतं. ते खिडकीतून काढून मागच्या, उत्तरेच्या पडवीत टांगा. उजेड मिळू दे, पण ऊन अंगावर पडू देऊ नका. अजिबात पडू देऊ नका.

मी ते इथंच मागवलं असतं, पण मावशीच्या खोलीच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत आहे. आम्ही दिवसाही बल्ब लावतो. इथं ते महिन्या-दोन महिन्यांत मरेल, आणि ते मरायला नको आहे.

तुमची
रूपा


खटकचिंचोळी,
१६ डिसेंबर २०२४

रूपा,

तुझं पडल्या पडल्या पाया पडणं पोहोचलं. आशीर्वादही पडल्या पडल्याच घे, उठू नकोस.

पत्राची युक्ती चांगली काढलीस. तीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं भरली, पण माणसाला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही. माझा उजवा कान तर गेलाच, आता डावाही त्याच्या मागे निघाला आहे. तुझ्या मामांना हे फार सोयीचं पडतं. दिवसभर बायकोला काहीबाही बोलून घेतात आणि मी विचारलं की म्हणतात, "काय न्हाई, हवा लई सुटली म्हनायलोय."

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, चहाबरोबर नको. हे मी या गावातल्या हजार बायकांना सांगितलं असेल, त्यातल्या दहांनी ऐकलं. तू अकरावी हो.

तुरीची काढणी सुरू झाली आहे. मामा सकाळी जातात ते अंगाला भुसा लावूनच घरी येतात.

झाड चांगलं आहे. चांगल्या जागी टांगलं आहे, काळजी करू नकोस. पण एक विचारते. गेल्या थंडीत ऊन सरकेल तसं तूच ते झाड घरभर घेऊन फिरायचीस. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारनंतर न्हाणीघरापाशी. मी म्हणायचे, पोरीनं मांजराचं पिल्लू पाळलंय जणू. थंडीत त्याला ऊन लागतं आणि उन्हाळ्यात सावली, हे तूच मला समजावलं होतंस. मग यंदा भर थंडीत ऊन अजिबात नको, असं का?

अनसाबाई


कलबुरगी,
६ जानेवारी २०२५

आत्याबाई,

पाया पडते.

चौथा महिना सुरू झाला. येत्या शुक्रवारी टाका घालणार. भूल देतात म्हणे, दुखत नाही. मावशी पलंगाशेजारी बसून तूर सोलते आणि मी कूस बदलली तरी ओरडते, "हलायलीस कामून गं?" मागच्या दोन्ही वेळी चौथा महिनाच वैऱ्याचा ठरला होता. त्यामुळे मीही फारशी हलत नाही.

आता तुमच्याबद्दल. चांगल्या जागी टांगलं आहे, असं तुम्ही लिहिलंत. परवा ह्यांना मी सहज विचारलं, झाड कसं आहे? तर हे म्हणाले, "आईनं दारावर टांगलंय की, कोरफडीच्या जागी. उलटं." आणि मग जीभ चावली.

आत्याबाई, आपलं दार दक्षिणेला आहे. थंडीत सूर्य खालून जातो. वळचणीखालून ऊन थेट चौकटीवर येतं आणि सकाळी नऊपासून पाचपर्यंत तिथून हलत नाही. म्हणजे त्याला दिवसभराचं ऊन मिळतंय. मी नेमकं तेवढंच नको म्हटलं होतं. कृपा करून ते उतरवा आणि मागच्या पडवीत न्या.

का, ते विचारू नका. सांगता येण्यासारखं नाही.

रूपा


खटकचिंचोळी,
२० जानेवारी २०२५

रूपा,

टाका नीट पडला, हे नागराजनं सांगितलं. देवानं ऐकलं. आता तरी तू मनानं थोडी सैल हो.

झाडाचं मी लपवलं, ते चुकलं. लपवलं ते तू नाही म्हणशील म्हणून. आता सगळं खरं सांगते.

आपलं दार दक्षिणमुखी. तुझ्या सासऱ्यांच्या बापानं असं का बांधलं ते त्यांनाच ठाऊक, पण अशा दाराला दृष्टीचा बंदोबस्त लागतो. म्हणून चौकटीवर कोरफड उलटी टांगतात, मुळं वर, पानं खाली. ती बिनमातीची जगते आणि घरावर येणारं सगळं अंगावर घेते. घेता घेता एक दिवस वाळते. वाळली की समजायचं, तिनं आपलं काम केलं. मग तिला ओढ्यात सोडायची आणि दुसरी बांधायची. वाळल्याशिवाय मात्र काढायची नाही.

त्या मंगळवारी तुला गाडीत घालून नेलं आणि दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर मी वर पाहिलं. कोरफड हिरवीगार! म्हणजे तिनं काही घेतलं नाही, सगळं तुझ्यावर येऊ दिलं. मला असा संताप आला की मी ती ओढून काढली आणि रस्त्यावर फेकली. मग तुझं झाड दिसलं. यालाही माती लागत नाही, हेही हवेवर जगतं. म्हटलं, हे तर तिच्या हातचं आहे, तिच्यासाठी जास्त जीव लावून काम करील. हळद-कुंकू लावून टांगलं. दृष्टीच्या वस्तूला पाणी पाजत नसतात, म्हणून पाणीही दिलं नाही.

तू बी.एस्सी. झालेली, मला हसशील. हस. मी तीस वर्षं बायकांना सांगितलं की पोरांना लस टोचून घ्या, आणि घरी येऊन नागराजवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. दोन्हींपैकी कशानं तो धडधाकट राहिला, मला माहीत नाही. म्हणून मी दोन्ही चालू ठेवलं.

दीड महिना झाला, झाड वाळायचं नाव घेत नव्हतं. सकाळच्या धुक्यावर जगत असावं. पण चार दिवसांपासून त्याची मधली पानं लाल व्हायला लागली आहेत, शेंड्यापासून खाली. मला बरं वाटलं. लागलं एकदाचं कामाला.

अनसाबाई


कलबुरगी,
२७ जानेवारी २०२५

आत्याबाई,

लाल होणं म्हणजे वाळणं नव्हे. लाल होणं म्हणजे ते फुलायची तयारी करतंय.

हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. भरपूर ऊन मिळालं की आधी लाल होतं, मग गाभ्यातून फूल येतं. फूल गेलं की बुडाशी पिल्लं धरतात आणि मूळ झाड मरतं. हे मी कॉलेजात शिकले आहे, ऐकीव नाही.

माझी आई मला जन्म देऊन गेली. मी तिला पाहिलेलं नाही.

डिसेंबरात त्या मंगळवारी स्वयंपाकघरात मी पोट धरून खाली बसले, तेव्हा समोर ते झाड होतं. त्या क्षणी डोक्यात शिरलं की हे फुललं तर मी जाणार. तेव्हापासून निघत नाही. तुमच्या मिठा-मिरच्यांना मी कशी हसू? शिकून सवरून माझी ही गत! ते मेलं तरी मला भीती आणि फुललं तरी भीती. जुलैपर्यंत ते नुसतं जगावं, एवढंच मागते. जगण्यापुरता उजेड, फुलण्याइतकं ऊन नको.

तुम्ही ते वाळावं म्हणून रोज वर बघता, हे वाचून मी दिवसभर रडले. मावशीला वाटलं कळा येताहेत.

उतरवा ते. पाया पडते, उतरवा.

रूपा


खटकचिंचोळी,
३ फेब्रुवारी २०२५

रूपा, माझ्या बाई,

तुझं पत्र ज्या सकाळी आलं, त्याच दिवशी दुपारच्या आत झाड उतरवलं. मी स्टुलावर चढले तर तुझे मामा खाली उभे राहून इतके ओरडले की मलासुद्धा ऐकू आलं.

"आगं, वाळल्याबिगर कामून काढायलीस? अपशकुन करायलीस काय?"

"सुनंला त्याचं भ्याव वाटायलंय."

"झाडाचं भ्याव? आगं, तिच्यासाठीच टांगलीस की तू!"

"व्हय. तिच्यासाठीच टांगले, तिच्यासाठीच काढायलेय. तुम्ही स्टूल धरा गप."

त्यांनी धरलं. नंतर मल्लप्पाच्या मळ्यातून नवी कोरफडही त्यांनीच आणून बांधली. दार मोकळं ठेवायची माझी छाती होत नाही, तेवढं तू समजून घे.

झाड आता उत्तरेच्या पडवीत आहे. तिथं ऊन येत नाही. वाटीत बुडवून, उलटं झटकून, तू सांगितलंस तसं सगळं केलं. लाली उतरेल असं वाटतं.

आता तुझ्या आईचं. लग्नाच्या वेळी शिवगंगाबाईंनी सांगितलं होतं की बहीण बाळंतपणात गेली. पुढं तू कधी बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. दोनदा तुझी कूस रिकामी झाली तेव्हाही मी तुला शेक दिला, लाडू दिले, पण आईबद्दल विचारलं नाही. तुला काय वाटत असेल ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

माझ्या बापाची मेंढरं होती, तुला माहीत आहे. दहा वर्षांची होईपर्यंत मी त्यांच्यामागेच फिरले. मेंढी अडली की अप्पा मला हाक मारायचे, कारण माझा हात लहान. कोकराचे पाय सरळ करून द्यायचे आणि बाजूला व्हायचं. विताना मेलेल्या दोन मेंढ्या मला आठवतात. एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, दुसरी काळी होती. जगलेली एकही आठवत नाही, आणि त्या तर कित्येक होत्या. आठवतील कशा? दुसऱ्या दिवशी उठून त्या चरायला गेल्या. अंगणवाडीतही तेच झालं. तीस वर्षांत गावातल्या तीन बाळंतिणी गेल्या. तिघींची नावं मला पाठ आहेत, एकही गेली नाही असं खोटं मी तुला सांगणार नाही. बाकीच्या शेकडो बायका सोमवारच्या बाजारात भेटतात आणि कोथिंबिरीवरून भांडतात.

आणखी एक. दारावर झाड टांगलं ते बाळासाठी, असं तुला वाटलं असेल. नातवंड कुणाला नको? पण त्या दिवशी गाडीत तुझे पाय माझ्या मांडीवर होते आणि ते बर्फासारखे गार होते. तेव्हा मी बाळ मागितलं नाही. ही पोर परत घरी येऊ दे, एवढंच म्हणत होते. हे मी तुला तोंडानं कधी सांगितलं नसतं.

अनसाबाई


कलबुरगी,
२४ मार्च २०२५

आत्याबाई,

पाया पडते.

मधे इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. तुमचं पत्र उशाखाली आहे.

सहावा सरत आला. इथवर मी कधी पोहोचले नव्हते. बाळ लाथा मारतं. काल पोटावर ताटली ठेवून खात होते तर ताटली हलली, आणि मावशी हातातलं काम टाकून बघत बसली. डॉक्टरीणबाई म्हणतात, टाका छान धरलाय.

हे सांगत होते, झाडाची लाली उतरली, पुन्हा हिरवं झालं. तुम्ही त्यासाठी मामांशी भांडलात, रीत मोडलीत. मला कुणी असं विचारून, ऐकून घेतल्याची सवय नाही. मावशीनं जीव लावला, पण तिच्यामागे तिची तीन पोरं होती.

आता उन्हाळा लागला. हवा कोरडी झाली की त्याला आठवड्यातून दोनदा बुडवा. जागा हलवू नका. आहे तिथंच बरं आहे ते.

रूपा


खटकचिंचोळी,
२ जून २०२५

रूपा,

तुझी तब्येत छान आहे, वजन चांगलं वाढलंय, पायांना सूज नाही, हे सगळं नागराजकडून उलटसुलट विचारून घेतलं. पाणी भरपूर पी. यंदा ऊन फार होतं. रोहिणीत दोन मोठे वळीव झाले, तेव्हा कुठं जमीन निवली. मामांनी मुगाचं बी काढून ठेवलंय. बाळाची दुपटी शिवून झाली, आठ आहेत, जुन्या मऊ लुगड्यांची. झबली मात्र आधी शिवत नाहीत, म्हणून शिवली नाहीत. पण कापड आणून ठेवलंय.

तुझ्या खोलीला चुना दिला. पाळण्याच्या कड्या तपासल्या. खसखस, खोबरं, डिंक, हळीव सगळं भरून ठेवलंय. राघोबा सुताराकडून पाळण्याला नवी दांडी बसवून घेतली.

झाड बरं आहे. हिरवं आहे.

अनसाबाई


कलबुरगी,
१६ जून २०२५

आत्याबाई,

पाया पडते.

येत्या शुक्रवारी टाका काढतील. त्यानंतर केव्हाही, असं म्हणतात. आता हात सुजतात, म्हणून हे छोटंसं पत्र. बाळंतपणाआधी बहुतेक दुसरं होणार नाही.

झाड बघावंसं वाटत होतं म्हणून ह्यांना फोटो मागितला. काल त्यांनी फोनवर दाखवला. छान हिरवं आहे. बघून बरं वाटलं.

तुम्ही माझ्यासाठी फार केलंत. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आज लिहून ठेवते.

मामांना नमस्कार.

रूपा


खटकचिंचोळी,
८ जुलै २०२५

रूपा,

परवा दवाखान्यात आले, नातीला मांडीवर घेतलं. काय जावळ आहे तिला! तुझ्याकडे बघितलं, तू हसलीस. माझ्या तोंडाशी शब्द आले होते आणि मी ते गिळले. मला हळू बोलता येत नाही. सगळ्या वॉर्डानं ऐकलं असतं. म्हणून घरी येऊन लिहिते.

झाड फुललं होतं, रूपा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात.

कसं झालं तेही सांगते, मग तुला काय बोलायचं ते बोल. फेब्रुवारीत मी ते तू म्हणालीस तिथं नेलं. थंडीत त्या पडवीत ऊन येत नाही, हे खरं. पण संक्रांतीपासून ऊन सरकायला लागतं आणि मे महिन्यात ते आपलं घर ओलांडून उत्तरेला जातं. मग पुढच्या दारात दिवसभर सावली आणि मागच्या पडवीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन थेट आतपर्यंत. या घरात मला चाळीस वर्षं झाली. दर मे महिन्यात मीच शेळी मागच्या पडवीतून सोडून पुढच्या दारात बांधते. यंदाही बांधली. शेळी हलवली आणि झाड हलवलं नाही! ते तू सांगितलेल्या जागी आहे, म्हणून मी त्याला हातच लावला नाही. एरवी तुझं एक ऐकत नाही, आणि ऐकलं तर ते असं.

एका सकाळी पाणी पाजायला गेले तर सगळं लालभडक आणि मधोमध जांभळी दांडी. हरभऱ्याच्या फुलाहून गडद, टोकाला पिवळा ठिपका. आयुष्यात मला फुलाची अशी भीती वाटली नाही. खुडून टाकावं असं मनात आलं, पण खुडल्यानं काय होतं ते मला माहीत नव्हतं आणि विचारणार कुणाला? तुलाच विचारायचं तर तुला कळणार. पडवीतच खाली बसले. मामांनी उठवलं. त्यांना सगळं सांगितलं तर ते नुसतेच म्हणाले, "आता तिला कळू देऊ नको म्हंजे झालं."

मग मी तुला दुपट्यांचं पत्र लिहिलं. पुढं तू फोटो मागितलास, तेव्हा नागराजला त्याच्याच फोनमधला मार्च महिन्यातला फोटो दाखवायला लावला. तो नको म्हणत होता. दोष माझा आहे, त्याला बोलू नकोस.

त्या दिवसापासून तुझा निरोप येईपर्यंत मला घास गोड लागला नाही. तू कळा देत होतीस तेव्हा मी पडवीत त्या झाडासमोर बसले होते आणि त्याला काहीबाही बोलत होते. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

झाड अजून उभं आहे. बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढी दोन पिल्लं दिसतात. मरायला लागलंय की नाही, मला कळत नाही.

अनसाबाई


कलबुरगी,
१२ जुलै २०२५

आत्याबाई,

पाया पडते. आता वाकता येतं, पण बाळ मांडीवर आहे.

मला माहीत होतं.

त्या फोटोत झाडाच्या मागे आपली शेळी होती. खुंट्याला बांधलेली, निवांत रवंथ करत. जूनमध्ये आपली शेळी मागच्या पडवीत नसते. पडवीत ऊन येतं म्हणून तुम्ही तिला पुढच्या दारात नेता. मला तीन गोष्टी एकदमच कळल्या. फोटो जुना आहे. पडवीत ऊन येतंय. आणि झाड फुललंय, नाहीतर तुम्ही जुना फोटो दाखवायला लावला नसता.

जागा मीच सांगितली होती. डिसेंबरचं ऊन डोक्यात ठेवून वर्षभराची जागा ठरवली, आणि मार्चमध्ये वर लिहिलं की हलवू नका. तेव्हा दोष तुमचा नाही. यापुढं एक सोपं करू. शेळी जिथं न्याल तिथं झाडालाही न्या. तिला उन्हाचं माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त तिच्या तोंडाला लागेल इतकं खाली टांगू नका, आणि पावसात वळचणीच्या आत ठेवा.

ह्यांना मी त्या दिवशी काही दाखवलं नाही. मावशीलाही सांगितलं नाही. तीन आठवडे मनातच ठेवलं. मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही धावत आला असता, आणि तुमच्यासमोर मला हसून दाखवावं लागलं असतं. ते जमलं नसतं. रोज दुपारी तुमचं मेंढ्यांचं पत्र काढायची. ते आता घड्यांवर फाटलंय. वाचता वाचता एक दिवस माझं मलाच आठवलं की झाड मरतं हे जिथं शिकले, तिथंच पुढं असंही होतं की त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि पिल्लं मोठी होईपर्यंत ते त्यांना पोसतं. मी अर्धंच लक्षात ठेवलं होतं. तरी भीती गेली नाही, खोटं कशाला बोलू? कळा सुरू झाल्या तेव्हा नर्स म्हणाली, "अक्का, इतकं भ्यायलाव कामून, सगळ्याच बाळंत होत्यात." मी तिला काय सांगणार होते?

आणि तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा मी हसले खरी, पण भीती संपलेली नव्हती. का, ते आज सांगते. आई बाळंतपणात गेली असं सगळे म्हणतात, पण ती त्याच दिवशी गेली नव्हती. मला अंगावर पाजत होती. सगळं नीट झालं म्हणून घरी पेढेही वाटले होते. मग ताप भरला आणि आठव्या दिवशी ती गेली. हे मला मावशीनं एकदाच सांगितलं, मी बारा वर्षांची असताना. म्हणून तुम्ही, हे, मामा, सगळे आनंदात होतात आणि मी पडल्या पडल्या दिवस मोजत होते. काल दिवसभर मी स्वतःच्याच कपाळाला हात लावून बघत होते.

आज नववा दिवस आहे, आत्याबाई. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, आणि खिरीत गूळ कमी घातला म्हणून मावशीशी भांडले.

रूपा